खापर येथील मोहाचें फूल

सातपुड्याच्या पायथ्याशीं, अक्कलकुवा तालुक्यांत, खापर हें गांव आहे. चैत्रांतील एके पहांटे आम्ही तेथें मोहाखालीं उभे होतों. भिल्ल स्त्रिया गळालेलीं फुलें वेंचीत होत्या. चरकसंहितेंतील मधूकासव आम्हीं वाचलें होतें. वृक्ष मात्र प्रथमच निरखिला! वाळलेलीं फुलें टंचाईंत अन्न होतात. त्यांचेंच मद्य गाळून आधीं देवास वाहतात. १८७८ च्या अबकारी कायद्यानें घरची भट्टी गुन्हा ठरली व मक्तेदाराचा गुत्ता आला. पुढें १९३० नंतर मोरवडच्या गुलाम महाराजांनीं मद्यत्यागाचा उपदेश केला. व्यसन वाईटच, परंतु नैवेद्य आणि व्यसन यांतील भेद न जाणतां वर्गांत आम्हीं या लोकांस मद्यपी म्हटलें, याची त्या झाडाखालीं लाज वाटली.