आंबट बंद

संध्याकाळनंतर बाबांना जिन्याच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या, तेव्हा आत्याने फोनवरच निदान केलं, "दादा, पित्त डोळ्यांत उतरलंय. आंबट बंद कर." बाबांनी लोणचं सोडलं, ताक सोडलं. डॉक्टरकडे जाणं मात्र वर्षभर टाळलं.

मी सॉफ्टवेअरवाला, जीवशास्त्र दहावीनंतर सुटलेलं. आत्याला खोटं पाडायला म्हणून वाचायला बसलो आणि पंचाईत झाली. आम्लाचा आणि नजरेचा संबंध खरंच निघाला.

अंधुक प्रकाशात आपण ऱ्होडॉप्सिनच्या जिवावर बघतो. हे एक प्रथिन, आणि त्यात अडकवलेला, अ जीवनसत्त्वापासून बनलेला रेटिनल. त्यांच्या सांध्यावर एक प्रोटॉन बसलेला असतो. तो आहे तोवर हे रंगद्रव्य ५०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतं आणि लालसर दिसतं. प्रकाश पडल्यावर तो सांध्यावरून सुटला, की शोषण ३८०च्या आसपास येतं, रंग पिवळा होतो.

१९५८ साली रूथ हबर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्याने माकूलच्या डोळ्यातलं रंगद्रव्य तपासलं. प्रकाश पडून गेल्यावर ते आम्लात लाल, अल्कलीत पिवळं. हळदीला चुना लावला की ती लाल होते. हे बरोबर त्याच्या उलट.

आपल्यासारख्या पाठीच्या कण्याच्या प्राण्यांत गंमत वेगळीच. मेंदूकडे जाणारा निरोप सुरू करणारं रूप म्हणजे मेटाऱ्होडॉप्सिन २, ज्यात सांध्यावरचा प्रोटॉन सुटलेला असतो. मला वाटलं, आम्लात प्रोटॉन भरपूर, म्हणजे हे रूप कमी बनेल. उलट जास्त बनतं! कारण त्या रूपात जाताना प्रथिन दुसऱ्याच जागी बाहेरचा एक प्रोटॉन उचलतं. एवढं सरळ दिसणारं लॉजिक मी उलटं वाचलं होतं.

पण हे सगळं परीक्षानळीतलं. शरीर रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५मध्ये घट्ट धरून ठेवतं. कैरीच्या फोडीने तो हलत नाही.

शेवटी बाबांना डॉक्टरकडे नेलं. रेटिनायटिस पिग्मेंटोसा. दोष जनुकातला, पित्ताचा नाही.

घरी आल्यावर मी म्हटलं, "बाबा, लोणचं खा तुम्ही. त्याचा काही संबंध नाही."

त्यांनी फोड घेतली, चाखली नाही. "जनुकातला म्हणजे," ते म्हणाले, "तुला पण?"

मी बरणीचं झाकण लावत बसलो. माझ्या तपासणीची तारीख पुढच्या सोमवारची आहे. वर्षभर टाळणार नाही, एवढंच ठरवलंय.