१९१४-१५ चा सीझन आणि आमची रद्द झालेली फायनल

आमच्या गावात फुटबॉलचं वेड कोल्हापूर जिल्ह्यातल्या इतर गावांइतकंच आहे. पोरं मध्यरात्रीपर्यंत जागून मँचेस्टर युनायटेड आणि लिव्हरपूलच्या मॅचेस बघतात आणि सकाळी चहाच्या गाड्यावर एकमेकांच्या उरावर बसतात. परवा मी त्यांना विचारलं, "या दोन क्लबांमधली सगळ्यात बदनाम मॅच कुठली, सांगा बघू?" कुणालाच सांगता येईना. म्हणून हे लिहितोय. पोस्ट लांबली आहे, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी माझीही एक चूक कबूल करायची आहे.

४ ऑगस्ट १९१४ ला ब्रिटन महायुद्धात उतरलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला इंग्लंडचा फुटबॉल सीझन सुरू व्हायचा होता. कौंटी क्रिकेट ऑगस्टअखेरीस आटोपतं घेतलं गेलं, रग्बी युनियनने सीझन रद्द केला. फुटबॉल मात्र सुरू राहिला. आणि मग जे काही रान उठलं म्हणता! वर्तमानपत्रांतून पत्रं, चर्चमधून प्रवचनं, सगळीकडे एकच सूर: तिकडे पोरं मरताहेत आणि इकडे हे धडधाकट गडी चेंडूला लाथा मारताहेत. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांनीही खेळाडूंना सैन्यात जायचं आवाहन केलं. फ्रेडरिक चॅरिंग्टन नावाचे एक गृहस्थ तर फुलहॅमच्या मैदानावर जाऊन मध्यंतरात भाषण करू लागले. शेवटी त्यांना धरून बाहेर काढावं लागलं.

आता या सगळ्यात खोटं काय होतं? वरवर बघितलं तर काहीच नाही. ज्या बापाचा मुलगा फ्रान्समध्ये गेला, त्याला शनिवारी मैदानावरचा जल्लोष ऐकून संताप येणारच. त्या संतापाला मी नावं ठेवणार नाही.

पण थोडं खोलात जाऊ. क्रिकेट आणि रग्बी खेळणारे बरेचसे हौशी, घरचं खाऊन खेळणारे. फुटबॉलवाला हा पगारी माणूस. क्लबशी करार केलेला, आणि पगारावर वरून मर्यादा घातलेली: आठवड्याला जास्तीत जास्त ५ पौंड. बघायला येणारे म्हणजे कारखान्यातले, गोदीतले, खाणीतले कामगार. आठवडाभर राबून शनिवारी दुपारी दोन तास स्वतःचे. त्याच सीझनमध्ये, मार्च १९१५ ला, ग्रँड नॅशनलची घोड्यांची शर्यत व्यवस्थित पार पडली. त्यावरही टीका झाली, नाही असं नाही. पण सगळ्यात जास्त झोडपला गेला तो फुटबॉल.

दुसरं, तेव्हा सक्तीची भरती नव्हती. ती आली १९१६ मध्ये. म्हणजे प्रत्येकाने आपणहून जायचं होतं. आणि माणसं जातही होती. भरतीवाले फुटबॉलच्याच मैदानावर यायचे, कारण एवढी तरुण माणसं दुसरीकडे एका जागी सापडायची कुठे? १५ डिसेंबर १९१४ ला फुलहॅमच्या टाऊन हॉलमध्ये फुटबॉलवाल्यांची स्वतंत्र पलटण उभी राहिली, मिडलसेक्स रेजिमेंटची १७ वी बटालियन. पहिलं नाव नोंदवलं फ्रँक बकलीने. क्लॅप्टन ओरिएंट या लंडनच्या दुसऱ्या डिव्हिजनमधल्या क्लबाने तर जवळपास सगळी टीमच या पलटणीत दिली.

तरी शिव्या थांबल्या नाहीत. गर्दी कमी झाली, क्लबांचे पैसे आटले, पगार कापले गेले. सगळ्यांना कळून चुकलं होतं की पुढचा सीझन काही होत नाही. करार संपला की पगार बंद. तिशीतल्या खेळाडूने खायचं काय?

आता ती मॅच. २ एप्रिल १९१५, गुड फ्रायडे, ओल्ड ट्रॅफर्ड. युनायटेड तळाला, डिव्हिजनमधून खाली जायच्या बेतात. युनायटेडने लिव्हरपूलला २-० हरवलं. युनायटेडला पेनल्टी मिळाली, ती पार बाहेर मारली गेली. लिव्हरपूलच्या फ्रेड पॅग्नमचा फटका बारला लागला, तर त्याचेच सोबती त्याच्यावर भडकले! बघणाऱ्यांना तेव्हाच शंका आली. मग कळलं की नेमक्या २-० या स्कोअरवर एकास सात या भावाने भरपूर पैसा लागला होता. चौकशी झाली आणि वर्षअखेरीला सात खेळाडूंवर जन्मभराची बंदी आली, लिव्हरपूलचे चार आणि युनायटेडचे तीन. गंमत म्हणजे युनायटेडच्या तिघांपैकी दोघे त्या दिवशी मैदानात उतरलेही नव्हते.

त्या दोघांतला एक सँडी टर्नबुल. हा कोण? १९०९ च्या एफए कपच्या फायनलमध्ये युनायटेडचा विजयी गोल याचा. १९१० मध्ये ओल्ड ट्रॅफर्ड मैदान सुरू झालं, तिथला पहिला गोलही याचाच, आणि तो लिव्हरपूलविरुद्ध. खेळाडूंची युनियन सोडा नाहीतर खेळू देणार नाही, असा दम १९०९ मध्ये फुटबॉल असोसिएशनने दिला, तेव्हा न झुकलेल्या युनायटेडच्या खेळाडूंत हा होता. मॅच फिक्स करणं चूकच. त्यात सारवासारव नको. पण माणूस एका ओळीत मावत नाही, एवढंच म्हणतो.

सीझन संपला. एव्हर्टन ४६ गुणांनी चॅम्पियन, ओल्डहॅम ४५ वर दुसरे. २४ एप्रिलला कपची फायनल ओल्ड ट्रॅफर्डवरच झाली, कारण नेहमीचं क्रिस्टल पॅलेस नौदलाने घेतलं होतं. शेफील्ड युनायटेडने चेल्सीला ३-० हरवलं. प्रेक्षकांत इतके गणवेशातले सैनिक होते की ती 'खाकी कप फायनल' म्हणूनच ओळखली जाते. दोन दिवसांपूर्वी ईप्र इथे जर्मनांनी विषारी वायू सोडला होता. दुसऱ्या दिवशी गॅलिपोलीचं लँडिंग होतं. कप देताना लॉर्ड डर्बी यांनी सांगितलं, हा खेळ झाला, आता देशासाठी त्याहून कठीण खेळ खेळायचाय. त्याच दिवशी लंडनमध्ये क्लॅप्टन ओरिएंटचे खेळाडू आपल्या मैदानावर लष्करी संचलन करून प्रेक्षकांचा निरोप घेत होते. त्यांच्यातले तिघे, विल्यम जोनास, जॉर्ज स्कॉट आणि रिचर्ड मॅकफॅडन, १९१६ साली सोमच्या लढाईत गेले.

आणि आता गंमत बघा. त्याच सोमच्या पहिल्या दिवशी, १ जुलै १९१६ ला, ईस्ट सरे रेजिमेंटच्या कॅप्टन नेव्हिलने आपल्या जवानांना फुटबॉल दिले आणि ते पुढे मारत त्यांनी हल्ला चढवला. नेव्हिल त्यात मारला गेला. इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी त्या चेंडूंचं केवढं कौतुक केलं! दीड वर्षापूर्वी जो खेळ देशद्रोह होता, तोच आता शौर्याची खूण झाला. खेळ बदलला नव्हता. घरी बसून बोलणाऱ्यांची सोय बदलली होती.

सँडी टर्नबुलही पुढे याच ईस्ट सरे रेजिमेंटमध्ये होता. ३ मे १९१७ ला अरासच्या लढाईत तो मारला गेला. बंदी डोक्यावर असतानाच. १९१९ मध्ये युद्धातल्या सेवेसाठी बाकीच्यांची बंदी उठली, तेव्हा त्याचीही उठली. मेल्यानंतर. एकट्या एनॉक वेस्टची बंदी राहिली, ती १९४५ पर्यंत. तो अखेरपर्यंत म्हणत राहिला, मी काही केलं नाही.

आणि ती मॅच? तिचा निकाल कायम राहिला. युनायटेड ३० गुण, चेल्सी २९, टॉटनहॅम २८. खेळाडूंचं आयुष्य गेलं, क्लब वाचला.

आता माझी गोष्ट. आमच्या चावडीजवळ एक जुना दगड आहे, या गावातून 'जर्मनीच्या लढाईला' किती माणसं गेली ते सांगणारा. घराघरात फौजी असलेलं हे गाव. फेब्रुवारी २०१९ मध्ये आमच्या स्पर्धेची फायनल रविवारी होती. गुरुवारी पुलवामा घडलं. मी स्पर्धेच्या कमिटीवर होतो. मिटिंगमध्ये मी तावातावाने बोललो. जवान शहीद होत असताना आपण शिट्ट्या वाजवणार का, अशी वाक्यं टाकली. टाळ्या पडल्या, फायनल रद्द झाली. पोस्टही टाकली होती मी, तिला लाईक भरपूर आले.

मिटिंग उठल्यावर एका टीमचा गोलकीपर माझ्यापाशी आला. माझाच जुना विद्यार्थी. त्याचा थोरला भाऊ तेव्हा काश्मीरमध्ये ड्युटीवर. पोरगं मान खाली घालून म्हणालं, "सर, दादाचा सकाळी फोन आलता. बरा हाय तो. फायनल किती वाजता हाय, विचारत हुता."

मला उत्तर देता आलं नाही. माझ्या घरातलं कुणीच कधी सैन्यात नव्हतं. मिटिंगमध्ये सगळ्यात मोठ्याने मी बोललो होतो, आणि ज्याच्या घरातला माणूस तिकडे होता, तो शेवटच्या खुर्चीवर गप्प बसला होता. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

फायनल रद्द करणं चूक की बरोबर, यावर मी आजही वाद घालणार नाही. कदाचित त्यानेही "रद्द करा" म्हटलं असतं. पण आधी त्याला विचारायला हवं होतं.

त्याचा भाऊ नंतर सुट्टीवर आला, तेव्हा घरी जाऊन त्याची माफी मागितली. तो हसला. म्हणाला, "जाऊ द्या ओ सर. पण मॅच झाली असती तर आमचंच पोरगं जिंकलं असतं."