वारा जातो, लाट अडते

प्रश्नमंजुषेला घाई असते, कोड्याला फुरसत. एकीकडे पडद्यावर सेकंद गळत असतात आणि चार पर्याय डोळे वटारून उभे असतात. दुसरीकडे कोडं घालणारा गालातल्या गालात हसत, "हरलास का सांग" म्हणत भाव खात बसलेला असतो. अवसरी बुद्रुकला आमच्या ओसरीवर संध्याकाळी हे दोन्ही खेळ शेजारी शेजारी रंगतात. एका टोकाला पोरं मोबाईलवर ओणवलेली, दुसऱ्या टोकाला आजी वाती वळत.

पोरांना ही चटक लागली २०२०च्या टाळेबंदीत. शाळेला कुलूप आणि वर्ग व्हॉट्सॲपवर. ग्रुपवर सारखी कसली ना कसली लिंक येऊन पडायची. कधी पर्यावरण दिन, कधी ओझोन दिन. उत्तरं भरली की नाव छापलेलं प्रमाणपत्र थेट मोबाईलवर. शाळा उघडल्या, पण चटक काही सुटली नाही. आता कुठल्याशा गावच्या अनोळखी भिडूशी सामना लागतो. सर्वांत हलकं मूलद्रव्य? हायड्रोजन. वर्ल्ड वाइड वेब कुणाचं? टिम बर्नर्स-ली. बोट आधी पडतं, डोकं मागून येतं. मला त्यात वावगं वाटत नाही. पाढे आम्हीही असेच धडाधडा म्हणत होतो, आणि ते पुढे बाजारात कामाला आले.

एकदा प्रश्न आला, जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप कोणत्या राज्यात आहे? पोरं एकदम ओरडली, "अरे, आपल्या खोडदला!" मंचरवरून नाशिक रस्त्यानं नारायणगाव गाठायचं, तिथून आत वळलं की खोडद. पण पर्यायात खोडद कुठलं असणार? महाराष्ट्रावर बोट ठेवलं, हिरवी खूण उमटली, पुढचा प्रश्न आला. घरचं उत्तर आलं आणि ओळख न देता निघूनही गेलं. तेवढ्यात आजी म्हणाली, "त्या छत्र्या ना? एवढ्या मोठ्या छत्र्या, आणि त्यांचं कोडं नाही कुणी घातलं?"

खरंच घातलेलं नव्हतं. आजीच्या पोतडीत कांदा आहे, नारळ आहे, सावली आहे, जातं आहे. तिचा नेम एकच: उत्तर ऐकणाऱ्याच्या रोजच्या पाहण्यातलं हवं, आणि तरी त्याला ओळखू येता कामा नये. मग पोरांनी प्रश्न सोडवायचं थांबवून कोडी रचायला घेतली. पहिलं आलं ते असं: घरातून हाक मारली, रानात कुणी नव्हतं, तरी विहीर उठली आणि उसात चालत गेली. आजीनं क्षणात सोडवलं, "मोटार!" तिला अवघड का जावं? विहिरीवरच्या स्टार्टरच्या डब्यात सिमकार्ड आहे. रात्री थ्री फेज आली की त्या नंबरवर फोन लावायचा आणि मोटार चालू झाल्याचा निरोप ऐकायचा, हे काम घरात तिच्याकडेच असतं. एरवी रात्री बिबट्याच्या भीतीनं रानात कोण जाणार?

दुसरं कोडं थोरल्या पुतणीचं. तीस ताटं मांडली, जेवायला कुणी नाही. ताटांना भोकंच भोकं, पण सांडत काही नाही. छत्र्या हे सगळ्यांनी ओळखलं. आजी मात्र शेवटच्या शब्दांना अडली. "भोकाच्या ताटात राहील काय?"

ती अडली तिथंच खरी गंमत आहे. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभ्या केलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत. चौदा खोडदला मध्यभागी, बाकीच्या सोळा तीन हातांवर दूरवर, शेताशिवारांत. एवढी मोठी थाळी पत्र्याची केली असती तर वजन झेपलं नसतं आणि वाऱ्यानं ती झोडपली असती. म्हणून पोलादी दोरांवर बारीक तारांची जाळी ताणून बसवली. हायड्रोजनची खूण सांगणारी रेडिओलहर २१ सेंटिमीटर लांब. दुर्बीण ऐकते त्यातल्या काही लहरी तर दोन मीटरच्या. जाळीचं भोक त्यांच्यापुढे इतकं लहान की लहरीला ती अखंड भिंतच वाटते. वारा जातो, लाट अडते. २०१६ साली मंगळावर उतरू पाहणाऱ्या युरोपच्या शियापारेली यानाचा क्षीण संदेश याच जाळ्यांनी टिपला होता. आणि तिथं पाहुण्याला आधी काय सांगतात? मोबाईल बंद करा. आकाशातली कुजबूज ऐकणाऱ्या कानाला खिशातला फोन म्हणजे गोंगाट. ज्या फोनवर पोरांनी हे उत्तर मिळवलं, तो घेऊन त्या उत्तराजवळ जायची सोय नाही.

कोड्यातून शिकवायची ही रीत आपल्याकडे जुनीच. भास्कराचार्यांनी ११५०च्या 'लीलावती'त भुंग्यांचा थवा उडवला: पाचवा हिस्सा एका फुलावर, तिसरा दुसऱ्यावर, या दोहोंतल्या फरकाची तिप्पट तिसऱ्यावर, आणि एक भुंगा मधल्यामध्ये घोटाळतो आहे, तर सगळे किती? पंधरा. ते उत्तर कुणी आयतं सांगितलं तर हाती काय उरतं? नुसता आकडा. भुंगे फुलांवर बसवत गेलं की मात्र अपूर्णांक अंगात भिनतो. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवानं पुढे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख आहे.

ॲप विचारतं ते आधी कुणाला तरी माहीत असलेलं. कोडं रचणाऱ्याला मात्र ती वस्तू नव्यानं बघावी लागते. भोकं दिसल्याशिवाय ताटाचं कोडं होत नाही. आणि एकदा भोकं दिसली की डोकं स्वस्थ बसत नाही. धाकट्यानं विचारलंच, "भोकं मोठी मोठी करत नेली तर लाट कधी निसटेल?" आजी म्हणाली, "चाळणी दाणा बघून घेतात रे. दाणा कुठला ते सांग आधी." आता २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, खोडदच्या शास्त्रज्ञांना हा प्रश्न विचारायचा ठरला आहे. त्यांचं उत्तरही बहुधा आजीसारखंच सुरू होईल: लाट कुठली? उलट प्रश्न विचारणारं असं उत्तर चार पर्यायांत कुठं बसवायचं?