वारा एकच

पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थच्या उत्तरेला सुमारे १३० किलोमीटरवर लॅन्सेलिन हे मासेमारीचं छोटं गाव आहे. जानेवारी म्हणजे तिथला ऐन उन्हाळा. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून गार वारा सुटतो. उकाड्यावर तोच उतारा, म्हणून पर्थकडे त्याला ‘फ्रिमँटल डॉक्टर’ म्हणतात. या वाऱ्यावर लेज पॉइंट ते लॅन्सेलिन अशी सुमारे २५ किलोमीटरची शर्यत होते. विंडसर्फरचं शीड फळीवरच उभं. काइटवाल्याचा पतंग वीसेक मीटर दोरांवर आभाळात. दोर शिडात अडकले तर दोघांचाही जीव धोक्यात. म्हणून वाऱ्याच्या अंगाने ओलांडणारा काइटवाला पतंग उंच नेतो, दुसऱ्या अंगाने जाणारा खाली घेतो. शर्यतीतही शेजाऱ्याला वाट द्यावी लागते, हे आम्ही मुलांना तिथंच दाखवलं.