सुरकुतलेल्या कंदांचा हिवाळा

नेपाळपासून सिक्कीम-दार्जिलिंगमार्गे भूतानपर्यंत, साधारण दीड ते अडीच हजार मीटर उंचीवर, ओक आणि गुरांस म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन यांची धुक्याने भिजलेली जंगले आहेत. त्यांच्या शेवाळलेल्या फांद्यांवर आणि खडकांवर सिलोगायनी क्रिस्टाटा हे पांढऱ्या फुलांचे ऑर्किड वाढते. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली यांनी ठेवलेल्या या नावाचा पहिला शब्द फुलातील कुक्षीच्या, म्हणजे पराग स्वीकारणाऱ्या भागाच्या, खोलगटपणावरून आला आहे, तर दुसरा ओष्ठावरील, म्हणजे इतरांहून वेगळ्या घडणीच्या पाकळीवरील, सोनेरी-पिवळ्या झालरदार तुऱ्यांवरून. फुलाच्या सगळ्या शुभ्रपणात रंग आहे तो एवढाच.

ही वनस्पती अपिवनस्पती आहे, म्हणजे ती झाडाचा केवळ आधार घेते. बांडगुळासारखी ती झाडाच्या आत मुळे घुसवून त्याचा रस शोषत नाही. त्यामुळे तिला अन्नपाण्याची तजवीज स्वतःच करावी लागते. तिच्या मुळांवर मृत पेशींचे स्पंजासारखे पांढुरके आवरण असते, जे पाऊस किंवा धुके मिळताच पाणी टिपून घेते. आणि ते पाणी साठते आभासी कंदांत, जे दिसायला कांद्यासारखे असले तरी प्रत्यक्षात फुगलेली खोडेच असतात. प्रत्येक कंदाच्या टोकाला बहुधा दोन लांबट पाने असतात. जून ते सप्टेंबर या मुसळधार पावसाच्या काळात नवे कंद भरतात आणि त्यानंतर थंड रात्रींचा, स्वच्छ उन्हाचा, फार तर दवाचा असा कोरडा हिवाळा येतो. लागवडीची सारी विद्या या दोन ऋतूंमधला फरक टोपलीत उतरवण्यात आहे.

त्यातला उन्हाळा-पावसाळा सोपा असतो. झाडाची साल, शेवाळ आणि कोळशाचे तुकडे यांचे पाणी न तुंबणारे मिश्रण, शक्य तर पावसाचे साठवलेले पाणी, विरळ सावली आणि खेळती हवा मिळाली की रोप जोमाने वाढते. कस लागतो तो हिवाळ्यात. पाणी कमी केल्यावर डिसेंबरच्या सुमारास गुळगुळीत, हिरवे कंद सुरकुतू लागतात आणि ते पाहून नवशिक्या माळ्याचा जीव कळवळतो. तो भरपूर पाणी घालतो, थंडीत ते लवकर सुकत नाही आणि मुळे कुजतात. म्हणूनच जाणकार आधी मुळे पाहतो आणि मग झारी उचलायची की नाही हे ठरवतो. मूळ बोटांत घट्ट लागले आणि त्याचे आवरण शाबूत असले, तर सुरकुत्या विश्रांतीच्या आहेत आणि अधूनमधून हलका शिडकावा पुरे. पण मूळ तपकिरी, पोकळ झाले असेल आणि चिमटीत धरून ओढताच आवरण निसटून आत नुसता दोरा उरत असेल, तर तहान खरी आहे आणि तिचे कारण बहुधा आधीच जास्त झालेले पाणी असते. वरून दिसणारी सुरकुती दोन्हीकडे सारखीच असते, म्हणून या कामात डोळ्याइतकेच बोटही शिकावे लागते.

अशी विश्रांती मिळालेल्या रोपाच्या कंदांच्या बुडाशी हिवाळा सरता सरता तपकिरी, कागदासारख्या खवल्यांत गुंडाळलेले कोंब दिसतात. ते वाळल्यासारखे वाटतात आणि साफसफाईच्या उत्साहात कात्रीखाली जाण्याचा धोका याच वेळी सर्वांत जास्त असतो, पण त्याच खवल्यांतून पुढे फुलांचा झुकता दांडा बाहेर येतो आणि फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान सात-आठ सेंटिमीटर रुंदीची, मंद वासाची फुले उमलतात.

या रोपाला हात लावणे सोसत नाही. वारंवार वाटणी केली की ते काही काळ फुलत नाही, उलट टोपलीतून ओसंडू दिलेला जुना झुबका दरवर्षी अधिक फुलतो. ऑर्किडचा हा संथपणा बीजापासूनच सुरू होतो. ऑर्किडच्या धुळीसारख्या बियांत अन्नसाठा जवळजवळ नसतो आणि निसर्गात त्या बुरशीच्या साहाय्यानेच रुजतात. १९२२ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ लुइस नडसन यांनी साखरयुक्त माध्यमावर, बुरशीशिवाय, त्या रुजवून दाखवल्या. तरीही बीपासून फुलापर्यंतचा प्रवास काही वर्षांचाच राहिला. जंगलातून ओरबाडलेला झुबका ही अशी वर्षांची पुंजी असते, म्हणून रोपवाटिकेत वाढवलेले रोपच घ्यावे, हा या कलेचा पहिला नियम मानायला हवा.

पुण्यासारख्या पठारावरील शहरात हे ऑर्किड पाने धरते, पण उन्हाळ्यातल्या उष्ण रात्रींमुळे सहसा फुलत नाही, आणि हे मान्य करणे हाही कलेचाच भाग आहे. सह्याद्रीत डेंड्रोबियम बार्बाट्युलम हे पांढऱ्या फुलांचे ऑर्किड कोरड्या दिवसांत पाने गाळून उघड्या काड्यांवर फुलते. त्याला आणि हिमालयातल्या या दूरच्या नातलगाला ऋतूचा नियम एकच आहे. दोन्हींची निगा राखणाऱ्याने पाण्याचा हिशेब आपल्या काळजीवरून न मांडता पावसावरून मांडावा आणि डिसेंबरात सुरकुतलेल्या कंदावर बोट फिरवून, मूळ पाहून, भरलेली झारी तशीच खाली ठेवायला शिकावे.