रोपांपुरती माती

बीजाचें माहात्म्य आपल्याकडे पुष्कळ गाइलें गेलें आहे. फळ गोड निघालें तर बीजाची वाखाणणी करावी, कडू निघालें तर बीजासच दोष द्यावा, ही रीत शेतापासून सोयरिकीपर्यंत सर्वत्र चालू आहे. मातीला मात्र आपण वंदन करतों, तिच्यावर भाषणें देतों; परंतु ती हातांत घेऊन पाहण्याची वेळ आली म्हणजे 'माती ती माती, तींत पाहावयाचें काय?' असें म्हणून मोकळे होतों. निदान खडूच्या धुळीखेरीज दुसऱ्या धुळीशीं ज्यांचा फारसा संबंध आला नाहीं, अशा आमच्यासारख्या पांढरपेशांची स्थिति तरी हीच असते. वांग्याचीं रोपें तयार करण्याच्या निमित्तानें या मातीशीं आमचा जो थोडाबहुत परिचय घडला, तो वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

ज्या पिकांचें बालपण परघरीं जातें त्यांपैकीं वांगें हें एक आहे. ज्वारी किंवा हरभरा जेथें पेरावा तेथेंच वाढतो. वांगें, मिरची, टोमॅटो या मंडळींस आधीं लहानशा गादीवाफ्यांत किंवा कुंडींत पांच-सहा आठवडे वाढवून मग कायमच्या जागीं न्यावें लागतें. वांग्याचें बीं फार बारीक. एका ग्रॅमांत सुमारें २०० दाणे बसतात. त्यांतून निघणारा अंकुर उघड्या शेतांत तण, किडे आणि पावसाचा मारा यांच्या तोंडीं देणें म्हणजे त्याचा घात करणेंच होय. तेव्हां रोपांची माती ही घराची माती नव्हे, ती वसतिगृहाची माती आहे. आणि वसतिगृहाचे गुण घराच्या गुणांहून वेगळे असावे लागतात. हा भेद लक्षांत न आल्यामुळें पुष्कळ हौशी माणसें असेल नसेल तें खत कुंडींत ओततात, आणि रोपें माना टाकूं लागलीं म्हणजे बियाणें विकणाऱ्याच्या नांवानें बोटें मोडतात.

या प्रकरणांत आम्हांस इतकें खोल शिरावें लागलें, त्यास एक घरगुती कारण आहे. आमचें मूळ गांव सांगली जिल्ह्यांत, कृष्णाकांठीं. तेथें आमच्या मळ्यांत एका जातीचीं वांगीं पिढ्यान्‌पिढ्या होत असत. लहान, गोल, फिक्या जांभळ्या रंगावर पांढऱ्या रेघा आणि देठाला कांटे. आमच्या मातोश्री दरवर्षीं त्यांतलें एक उत्तम फळ झाडावरच पिवळें होईपर्यंत राखीत, त्याचें बीं धुवून सावलींत सुकवीत आणि राखेंत घोळून फडक्यांत बांधून ठेवीत. २०२१ सालीं त्या निवर्तल्या. पुढें मळा वाटणींत गेला आणि त्यांत ऊस उभा राहिला. गांवांत चौकशी करतां तें वाण आतां कोणाकडेच उरलें नाहीं असें कळलें. उरली ती आमच्या कपाटांतील एक पुरचुंडी. साध्या हवेंत ठेवलेल्या वांग्याच्या बियांची उगवणशक्ति तीन-चार वर्षांत बरीच ओसरते. पुरचुंडी सोडून मोजलें, तों १४६ दाणे भरले. निम्मे राखून ठेवून बाकीचे ७३ दाणे २०२४ च्या मृगांत पेरावयाचे असें ठरलें. एक पाकीट फसलें तर बाजारांतून दुसरें आणावें, अशी ही गोष्ट नव्हती.

माती हा एक भरीव पदार्थ आहे अशी आपली समजूत असते. वस्तुतः चांगल्या मातीचा जवळजवळ अर्धा भाग पोकळ असतो. आणि त्या पोकळींत सामान्यतः निम्में पाणी व निम्मी हवा असली म्हणजे झाडाचें सुखानें चालतें. मुळें पाणी पितात तशीं श्वासहि घेतात, हें आपण विसरतों. आपल्या देशावरची काळी माती दख्खनच्या बसाल्ट खडकापासून झालेली. तिच्यांतील चिकणमातीचे कण अत्यंत सूक्ष्म. ते भिजले म्हणजे फुगतात आणि वाळले म्हणजे आक्रसून भेगा पडतात. ओल धरून ठेवण्याचा तिचा हा गुण रब्बीच्या ज्वारीस अमृतासारखा आहे. परंतु कुंडींतल्या अंकुरास तोच गळफांसासारखा होतो. पावसांत त्याचा श्वास कोंडतो आणि उघडीप पडली कीं भेगांत त्याचीं मुळें तुटतात.

मातीची जात ओळखण्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाहीं. काचेच्या उभ्या बरणींत मूठभर माती पाण्याबरोबर खळखळून हलवावी आणि बरणी स्वस्थ ठेवावी. मिनिटाभरांत वाळू तळाशीं बसते. तासा-दोन तासांत तिच्यावर गाळाचा थर येतो. आणि चिकणमातीनें गढूळ झालेलें पाणी दुसऱ्या दिवसापर्यंतहि निवळत नाहीं. थरांची जाडी पाहिली कीं माती आपलें कुलशील आपणच सांगते. आमच्या इमारतीच्या आवारांतली काळी माती या परीक्षेंत नापास झाली; नदीकांठाहून आणलेला पोयटा चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाला.

पोयट्यांत काय आणि किती मिसळावें याविषयीं प्रत्येक बागवानाचें मत निराळें, आणि तें बहुधा गुप्त असतें. एके काळीं इंग्लंडांतहि हीच अवस्था होती. मर्टन येथील जॉन इन्स उद्यानविद्या संस्थेंत प्रिम्युला नांवाच्या फुलझाडाचीं रोपें एकसारखीं मरूं लागलीं, तेव्हां विल्यम लॉरेन्स आणि जॉन न्यूवेल या दोघांनीं १९३० नंतरच्या दशकांत मातीच्या मिश्रणांचा पद्धतशीर अभ्यास आरंभिला. प्रत्येक झाडास निराळी माती हवी हा भ्रम त्यांनीं दूर केला. बियांसाठीं त्यांचें प्रमाण असें: आकारमानानें दोन भाग वाफाळून शुद्ध केलेली पोयट्यासारखी माती, एक भाग पीट आणि एक भाग जाड वाळू, वर थोडें सुपरफॉस्फेट आणि थोडी खडूची पूड. विशेष हें कीं, संस्थेनें या कृतीचा व्यापार केला नाहीं. १९३९ सालीं लॉरेन्स व न्यूवेल यांनीं पुस्तक लिहून ती सर्वांस खुली केली. विद्येचा व्यवहार असाच असावा, असें आम्हां शिक्षकांस वाटल्यास नवल नाहीं.

पीट म्हणजे थंड देशांतील दलदलींत हजारों वर्षें सांचलेलें अर्धवट कुजलेलें शेवाळ. तें आपल्याकडे आयात करण्याचें कांहींच कारण नाहीं. काथ्याचा भुसा त्याचें काम बऱ्यापैकीं करतो. मात्र त्यांत क्षार असतात म्हणून तो दोन-तीन पाण्यांनीं धुवून घ्यावा. त्याहून आम्हांस पसंत पडलें तें पालापाचोळ्याचें मुरलेलें खत. काडी-कचरा, पाला आणि शेण यांचे थर रचून, तें योग्य वेळीं परतून, उत्तम खत कसें करावें याची पद्धति इंदूरच्या संशोधनसंस्थेंत आल्बर्ट हॉवर्ड यांनीं बसविली. १९३१ सालच्या त्यांच्या पुस्तकावर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचें नांव आहे. हॉवर्ड यांची कीर्ति जगभर झाली. वाडांचें नांव त्या मानानें फारसें कोणाच्या ओठीं नाहीं.

खत मुरलें कीं नाहीं हें नाकानें ओळखावें. आंबूस किंवा अमोनियासारखा उग्र वास आला तर तें कच्चें समजावें. पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला म्हणजे तें तयार झालें. हें नुसतें काव्य नव्हे. त्या दोन्ही सुगंधांस मातींतील सूक्ष्म जीवांनीं निर्माण केलेलें जिऑस्मिन नांवाचें एकच द्रव्य मुख्यतः कारण असतें.

आतां रोगाची गोष्ट. उगवून आठ दिवस झालेलीं टवटवीत रोपें एका रात्रींत जमिनीलगत पाणचट होऊन आडवीं पडतात. पिथियम, रायझोक्टोनिया वगैरे बुरश्यांचा हा पराक्रम असतो. दाट पेरणी, सांचलेलें पाणी आणि जुनी माती हीं त्यांचीं आवडतीं स्थानें. म्हणून ज्या मातींत आधीं वांगें, मिरची, टोमॅटो किंवा बटाटा झाला असेल ती रोपांस वापरूं नये. घराण्याचे रोग घराण्यांतच चालतात. कोंकणांत भाताचीं रोपें करण्यापूर्वीं वाफ्यावर पाला-पाचोळा व शेणकूट पसरून जाळतात, त्यास राब म्हणतात. त्या धगीनें वरच्या थरांतील तणाचें बीं जळतें आणि कित्येक रोगांचींहि बीजें नष्ट होतात. इस्रायलांत याकोव्ह काटान व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७६ सालीं याच हेतूची दुसरी युक्ति प्रसिद्ध केली: भिजविलेल्या जमिनीवर पारदर्शक प्लॅस्टिक पसरून कडक उन्हांत ती चार-सहा आठवडे तापवावयाची. आपला वैशाख या कामीं कोणत्याहि भट्टीची बरोबरी करील.

पुण्यांतल्या गच्चींत राब करणें शक्य नव्हतें आणि वैशाख हातचा निघून गेला होता. तेव्हां माती वाफविण्यावांचून गत्यंतर नव्हतें.

"अहो, मातीला वाफ द्यायची म्हणतां, ती कशांत?" सौभाग्यवतींनीं विचारलें. आमची दृष्टि प्रेशर-कुकरकडे वळलेली त्यांच्या ध्यानांत आली. "त्याला हात लावायचा नाहीं. माळ्यावर जुनें मोदकपात्र आहे, तें घ्या. आणि तें पुन्हां माझ्या स्वयंपाकघरांत आणूं नका!"

त्या मोदकपात्रांत, ओलसर पोयटा थोडाथोडा घालून, प्रत्येक खेपेस अर्धा तास वाफविला. उष्णता ८० अंश सेल्सिअसच्या आसपास असली म्हणजे पुरे. फाजील तापविल्यास मातींतील अमोनिया आणि मँगनीज वाढून तीच विषारी होते. खत मात्र वाफवावयाचें नसतें. वाफविलेली माती ही ओस पडलेल्या वाड्यासारखी असते. जो आधीं शिरेल तो मालक. मुरलेल्या खतांतले सज्जन जीव तेथें आधीं नांदूं लागले म्हणजे चोरांस जागा राहत नाहीं. त्यांच्या मदतीस आम्हीं ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशीहि थोडी मिसळली.

मग दोन भांडीं पोयटा, एक भांडें खत, एक भांडें धुतलेली जाड वाळू, सर्व एकाच भांड्यानें मोजून, चाळून एकत्र केलें. ओलसर मिश्रण मुठींत दाबलें असतां त्याचा लाडू व्हावा आणि बोट लावतांच तो फुटावा, ही त्याची कसोटी. कुंडीच्या छिद्रावर एकच खापरी ठेवावी. तळाशीं खड्यांचा जाड थर दिल्यास पाणी लवकर निघून जातें ही समजूत खरी नव्हे. उलट पाणी त्या थराच्या वरच अडून राहतें.

हें मिश्रण हातीं घेतलें तेव्हां तें आम्हांस अपरिचित वाटलें नाहीं. मातोश्री ओढ्याकांठचा गाळ, जुन्या उकिरड्याच्या तळचें भुसभुशीत खत आणि नदीची वाळू टोपल्यांनीं आणवीत. वाफ्यावर गोवऱ्यांचा चुरा व पाला जाळीत. आणि मूठ दाबून पाहत. त्यांचें प्रमाणहि मर्टनच्या संस्थेसारखें तंतोतंत दोनास एक आणि एक होतें, असें म्हणण्याचा मोह आम्ही आवरतों. त्या मोजीत नसत. परंतु ज्या तीन गोष्टी ते शास्त्रज्ञ शोधीत होते, म्हणजे मोकळेपणा, ओल आणि स्वच्छता, त्याच या टोपल्यांतून येत होत्या, एवढें खात्रीनें म्हणतां येईल. त्यांस कृति विचारून लिहून ठेवावी असें घरांत कोणास सुचलें नाहीं. कारण कृति विचारावी अशी ती विद्या आहे, हेंच कोणास ठाऊक नव्हतें.

शेजारच्या एका सद्‌गृहस्थांनीं कुंडींत चमचाभर रासायनिक खत घालण्याचा आग्रह धरला. तो मानला नाहीं. बीं आपली पहिली शिदोरी बरोबर घेऊन येतें. खरीं पानें फुटेपर्यंत तेवढी त्यास पुरते. त्या वयांत खताच्या क्षारांनीं कोंवळीं मुळें भाजतात, आणि जीं वांचतात तीं रोपें उंच, पोकळ व लुसलुशीत होतात. महाविद्यालयांत तयार टिपणांवर पोसलेले तरुण आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत; त्यांची वाढ दिसण्यांत मोठी असते, परंतु शेतांत लावलें कीं पहिल्या वाऱ्यास ते लवतात. प्रारंभीं भरवावें कमी आणि मुळांस हातपाय पसरूं द्यावे अधिक, हा नियम दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

अर्धा इंच खोलीवर बीं टोकलें. आठव्या दिवशीं पहिला अंकुर वर आला. ७३ पैकीं ५२ उगवले. एका झडीच्या आठवड्यांत तीन कोलमडले. ते आसपासच्या मातीसकट काढून टाकले. कांदेनवमीस घरोघर वांगीं संपविलीं गेलीं, त्या दिवसांत आमचीं रोपें चार पानांवर आलीं होतीं. पुढें दहा रोपें गच्चीवरील मोठ्या कुंड्यांत भरपूर खत घालून लावलीं, कारण आतां त्यांच्या खाण्याचे दिवस आले होते. बाकीचीं ३९ आमच्या एका भाचीनें मिरजेकडे आपल्या मळ्यांत नेलीं. तेथें जवळपास वांग्याची दुसरी जात नव्हती. मधमाशांनीं संकर करून वाण बिघडविण्याचें भय त्यामुळें कमी होतें. पहिल्या बहराचें एक फळ तिनें झाडावरच पिवळें होऊं दिलें. चंपाषष्ठीस खंडोबाच्या नैवेद्याला तीं वांगीं भाजलीं. भरताच्या आकाराचीं तीं नव्हत. चार घरांत मिळून वाटीभर भरीत झालें. बीं मात्र इतकें निघालें कीं, तीन पुरचुंड्या तीन घरांत ठेवतां आल्या.

सुपीक जमिनीचें मोल आपण ओळखतों, कारण ती पीक देते. रोपांची माती कांहींच देत नाहीं. तिचें खत थोडें, तिची मुदत सव्वा महिन्याची. आणि रोप उचलून नेलें म्हणजे तिचें नांवहि कोणी घेत नाहीं. मुळांस वाट करून देणें, पाणी नको तेव्हां सोडून देणें आणि रोगास आंत न घेणें, एवढेंच तिचें काम. जगांत ज्यांनीं आपणांस वाढविलें त्यांपैकीं पुष्कळांचें काम याच प्रकारचें होतें. फळांच्या हिशेबांत त्यांचें नांव सांपडत नाहीं, म्हणून तीं माणसें हयात आहेत तोंवर त्यांच्या टोपल्यांत काय असे, हें ज्यानें त्यानें आपापल्या घरीं विचारून ठेवावें.