कळविण्यात येते की…

दिवाळी अंक हाती आला की आपण आधी कथा चाळतो, मग व्यंगचित्रे, मग जमल्यास कविता. हे मासिकाचे दुकान मुळात कुणी आणि कशासाठी मांडले, याची चौकशी फारसे कुणी करीत नाही. करायचेही कारण नाही म्हणा. फराळ करताना चकलीची भाजणी कुणी दळली हे कोण विचारतो? परंतु एका मासिकाची जन्मकथा मला फार आवडते. मराठी मध्यमवर्गाने वर्षानुवर्षे उशाशी घेऊन वाचलेले ‘किर्लोस्कर’ मासिक एका नांगराच्या कारखान्याचे घरगुती वार्तापत्र म्हणून जन्माला आले. साल १९२०, आणि नाव ‘किर्लोस्कर खबर’.

लक्ष्मणराव किर्लोस्कर १९१० साली औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर आले, तेव्हा तिथे निवडुंग आणि साप यांचीच वस्ती होती. जमीन बत्तीस एकर, बरोबर पंचवीस कामगारांची बिऱ्हाडे, आणि औंधच्या राजेसाहेबांनी दिलेले दहा हजारांचे कर्ज. याच माळाची पुढे किर्लोस्करवाडी झाली. लक्ष्मणराव त्याआधी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत ड्रॉइंग शिकवीत असत. स्वतः शिक्षिका असल्यामुळे मला या गोष्टीचा उगीचच अभिमान वाटतो. ज्याने फळ्यापुढे उभे राहून माणसे शिकवली, त्याला समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळते की आपले बोलणे पोचले की वाटेतच राहिले.

‘खबर’ काढली ती त्यांच्या पुतण्याने, शंकररावांनी. हा मनुष्य मूळचा चित्रकार. कारखान्याची आणि वाडीची खबर द्यायची एवढ्या माफक कामातून त्यांनी असे काही उभे केले, की पुढे १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही भावंडेही त्याच घरात जन्मली. यथावकाश नावातले ‘खबर’ गळाले आणि नुसते ‘किर्लोस्कर’ उरले. साहित्याच्या दृष्टीने हे फार चांगले झाले. मला मात्र त्या गळालेल्या शब्दाची अधूनमधून आठवण येते. लेथवर उभ्या असलेल्या माणसाला त्याच्याच कारखान्याची खबर सोप्या मराठीत कुणी द्यावी, हे काम काही संपले नव्हते. ते आजही संपलेले नाही.

पंचवीस बिऱ्हाडांच्या वस्तीत, छापील कागद नसता तरी चालले असते. एका घरातले भांडण संध्याकाळच्या आत दुसऱ्या घरी पोचायचे, तिथे कामाचा फेरफार कितीसा दडून राहणार? अडचण येते ती माणसे हजारांनी मोजावी लागतात तेव्हा. मग मालक आणि कामगार यांच्यामध्ये एक काचेची पेटी येते. तिला कुलूप असते आणि किल्ली ऑफिसात असते. तिचे नाव नोटीस बोर्ड.

मी दिवसा प्राथमिक शाळेत शिकवते, रात्री पेठेतल्या एका रात्रशाळेत मराठीचे तास घेते, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. रात्रशाळेत पिंपरी, भोसरी, चिंचवडकडची माणसे येतात. कुणी फिटर, कुणी वेल्डर, कुणी पॅकिंगवाला. दोन वर्षांमागे त्यांतल्या एकाने घडी घालून आणलेला कागद माझ्यापुढे ठेवला. त्याच्या कंपनीतली नोटीस त्याने हाताने उतरवून आणली होती.

“बाई, एवढं वाचून सांगा. मी तीनदा वाचलं.”

मीही तीनदा वाचले. ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, साप्ताहिक सुट्टीच्या अदलाबदलीच्या अनुषंगाने उपरोक्त दिनी होणारी अनुपस्थिती अनधिकृत गणण्यात येऊन तदनुसार वेतनकपातीस पात्र राहील.’ आता ‘उपरोक्त दिन’ कोणता? तो वरच्या कोपऱ्यात, संदर्भ क्रमांकाच्या शेजारी बारीक अक्षरांत लपला होता. आमच्या औद्योगिक भागात सुट्टी बहुधा गुरुवारची. त्या आठवड्यात गुरुवारी काम होते आणि सुट्टी रविवारी दिली होती. एवढीच गोष्ट. पण ती न कळल्याने त्याच्या खात्यातली तीन माणसे गुरुवारी घरी राहिली. हा गृहस्थ म्हाताऱ्या वडिलांना डोळे दाखवायला घेऊन गेला होता. त्याचा दिवसाचा पगार गेला आणि वर ताकीद देणारे पत्र हातात पडले.

“पैशाचं राहू द्या, बाई,” तो म्हणाला. “अकरा वर्षांत एक खाडा नाही माझा. आणि कागदावर मला ‘बेजबाबदार’ लिहिलंय. ते मात्र अगदी सोप्या मराठीत लिहिलंय बघा.”

यावर वर्ग हसला. तो हसला नाही.

कुणी म्हणेल, यात कायदा काय करतो? कायद्याने आपले काम फार पूर्वीच केले होते. कामगारांच्या सेवाशर्तींसाठी १९४६ साली जो स्थायी आदेशांचा कायदा झाला, त्यात स्पष्ट कलम होते की हे आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत, ज्या दरवाजाने बहुतेक कामगार आत येतात तिथे लावावेत. कलम करणारा मनुष्य शहाणा होता. दरवाजासुद्धा विसरला नाही. पुढच्याच वर्षीच्या औद्योगिक विवादांच्या कायद्याने शंभरांवर कामगार असलेल्या ठिकाणी मालक आणि कामगार यांची संयुक्त समिती नेमण्याचीही सोय ठेवली होती. परंतु ‘समजेल अशी भाषा’ म्हणजे मराठी, एवढाच अर्थ आपण घेतला; आणि इंग्रजी नोटिशीचे असे मराठी केले की तिच्यापेक्षा मूळ इंग्रजी बरे.

भाषा कठीण असली तर निदान दुसऱ्याला विचारता येते. त्याहून वाईट म्हणजे समोरच्याचे म्हणणे आपल्याला ठाऊकच आहे अशी समजूत. पुण्यात याचा मोठा धडा १९८९ साली मिळाला. टेल्कोचा पिंपरीचा कारखाना म्हणजे नामांकित जागा. सुमंत मुळगावकरांनी तिथे यंत्रे बसवली तशी झाडेही लावली, तळेही केले. पगार आजूबाजूच्या मानाने चांगला. नोकरी लागली की लग्न जमे. अशा कारखान्यात राजन नायर यांच्या संघटनेचा आणि व्यवस्थापनाचा तंटा चिघळत गेला, हाणामाऱ्या झाल्या, आणि त्या सप्टेंबरात हजारो कामगार शनिवारवाड्यापाशी उपोषणाला बसले. मी तेव्हा अगदी लहान होते. माणसांनी भरलेल्या त्या पटांगणाचे वर्णन पुढे थोरांच्या तोंडून ऐकले. शेवटी रात्रीच्या वेळी पोलिसांनी त्यांना उचलून गाड्यांत घातले आणि संप मोडला.

कोण जिंकले, कोण हरले, यावर पुण्यात अजूनही वाद घालता येईल. पुण्यात कशावर घालता येत नाही? पण रतन टाटा नुकतेच त्या कंपनीचे अध्यक्ष झाले होते, आणि त्यांनी नंतर एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली: आम्ही आमच्या कामगारांना गृहीत धरले होते, त्यांच्यासाठी करता येण्यासारखे सारे आपण करतो आहोत अशी आमची समजूत होती, आणि ती बहुधा खरी नव्हती. संप मोडल्यावर असे बोलायला मनाचा मोठेपणा लागतो. हे आधीच एखाद्या खात्यात बाकावर बसून ऐकले असते तर, असे मात्र मनात आल्याशिवाय राहत नाही.

आमच्या वर्गाचे सांगायचे राहिले. त्या रात्री मी निबंधाचा विषय बाजूला ठेवला आणि तीच नोटीस पुन्हा लिहायला दिली. सर्वांत चांगली वही त्या फिटरचीच होती: ‘या आठवड्यात गुरुवारी कारखाना चालू राहील. बदली सुट्टी रविवारी. गुरुवारी जो येणार नाही त्याचा त्या दिवसाचा पगार कापला जाईल. गुरुवारी कुणाची अडचण असेल तर त्याने बुधवारपर्यंत सांगावे.’ शेवटचे वाक्य मूळ नोटिशीत नव्हते. ते त्याने पदरचे घातले होते.

ती वही त्याने सुपरवायझरला दाखवली. तोही बिचारा वरून आलेला कागद खाली चिकटवणाराच; पण माणूस समजूतदार निघाला. हल्ली त्यांच्या खात्यात टाइप केलेल्या नोटिशीशेजारी, पेटीच्या बाहेर, हाताने लिहिलेला एक कागद लागतो आणि त्याखाली चार ओळी कोऱ्या सोडतात. ताकीदपत्र काही मागे घेतले गेले नाही. कोऱ्या ओळींवर पहिले काही आठवडे कुणी काही लिहिले नाही. मग एके दिवशी पेन्सिलीने प्रश्न उमटला: ‘रात्रपाळीचा चहा गार का असतो?’ तिसऱ्या दिवशी कुणा साहेबाने लाल शाईत लिहिले, ‘चौकशी करतो.’ चहा अजून कोमटच असतो म्हणे. परवा त्या जागी नवा प्रश्न आला आहे, बोनस कधी मिळणार म्हणून. त्याच्याखाली अजून लाल शाई दिसलेली नाही, आणि वसुबारस तर आठवड्यावर आली.